बफ ब्रह्मा कोंबडा + लाईट ब्रह्मा कोंबड्या, पिल्लं कुठल्या रंगाची येणार?

घणसोलीकर_पोरगा (१० जून)

नमस्कार मंडळी, मी घणसोली गावठाणात राहतो, गच्चीवर पत्र्याखाली खुराडं केलंय. दोन वर्षांपूर्वी लाईट ब्रह्माचा सेट घेतला होता, एक कोंबडा तीन कोंबड्या. पांढरं अंग, मानेत काळ्या रेघा, काळी शेपटी, पायाला बोटांपर्यंत पिसं. कोंबड्याचं नाव भोला. मे महिन्यात काय उकाडा झाला ते सांगायला नको, २४ तारखेला दुपारी भोला गेला. मी महापेला ऑफिसात, आईचा फोन आला की चोच उघडी टाकून धापा टाकतोय, म्हटलं पंखा लाव, पाय पाण्यात बुडव, तिने सगळं केलं पण तोवर त्याने मान टाकली होती. त्या दिवशी जेवण गेलं नाही घरात कोणाला.

आता लाईटचा दुसरा कोंबडा काही मिळेना. माझ्याकडे एक बफ ब्रह्मा (बदामी अंगाचा) कोंबडा वेगळा ठेवलेला होता, मित्राने दिलेला (लग्न झालं, बायकोला वास चालत नाही). म्हटलं जात तर एकच आहे ना, म्हणून २८ मेला त्याला या तिघींत सोडला. दोन दिवस नाटकं झाली मग रुळला. १ ते ९ जूनपर्यंतची ११ अंडी जमवली आणि आमची एक गावठी खुडूक होतीच, तिच्याखाली काल ठेवली पण.

ज्याच्याकडून सेट घेतला त्याला फोन केला तर तो म्हणतो रंग मिक्स केलास, लाईन संपली, लाईट हाच ओरिजिनल ब्रह्मा आहे, बाकी सगळी भेसळ. मित्र म्हणतो उलट चांगलंय, नवीन लेमन कलर निघेल, डबल भावाने जाईल. दोघांपैकी कोणाचं ऐकू? पिल्लं पांढरी येणार, बफ येणार का चितकबरी? आणि यांच्यापासून पुढे कधी परत प्युअर लाईट काढता येईल का?

मुरबाडचा_काळा_कोंबडा (१० जून)

भाऊ, अंडी काढ आणि भुर्जी कर, अजून एकच दिवस झालाय 😄

मस्करी सोड, पण मी हे कडकनाथमधे करून बसलोय म्हणून सांगतो. कडकनाथात तीन प्रकार असतात, जेट ब्लॅक, पेन्सिल्ड आणि गोल्डन. झाबुआच्या कडकनाथला २०१८ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला तेव्हा सगळीकडे हवा होती, मी पण पेन्सिल्ड आणि गोल्डन दोन्ही आणले आणि जागा नव्हती म्हणून एकत्रच सोडले. दीड वर्षाने माझ्याकडे जे कोंबडे होते त्यांची मान ना धड चांदीची ना धड सोन्याची, जुन्या पितळेच्या तांब्यासारखी. मांस काळंच, हाडं काळी, खाणाऱ्याला काही फरक नाही, पण शौकाला घेणारा माणूस मान बघतो आणि निघून जातो. वेगळे करायला मला मग अजून दोन वर्षं गेली. म्हणून सांगतो, थांब आणि लाईटचा कोंबडा शोध.

येऊर_पायथा (११ जून)

मुरबाडच्या दादांचं अर्धं बरोबर आहे पण भुर्जी करू नका, कारण हा क्रॉस असा आहे की ज्यात काय निघणार ते आधी सांगता येतं. मी गेली नऊ वर्षं ब्रह्मा ठेवतेय, येऊरच्या पायथ्याशी, जरा सविस्तर लिहिते, कंटाळा आला तर सोडून द्या.

लाईट आणि बफ हे दिसायला दोन वेगळे पक्षी वाटतात पण नक्षी एकच आहे, मानेत काळं, शेपटी काळी, बाकी अंग साफ. फरक फक्त एवढाच की त्या साफ अंगाचा रंग एकात चंदेरी आणि एकात सोनेरी. आणि हा चंदेरी-सोनेरीचा जीन लिंग ठरवणाऱ्या झेड गुणसूत्रावर बसलेला असतो. माणसात मुलगा की मुलगी हे बापाकडून ठरतं, कोंबड्यांत उलटं आहे, ते आईकडून ठरतं. कोंबड्याकडे दोन झेड, कोंबडीकडे एकच. कोंबडी आपला तो एकुलता झेड फक्त मुलांना देते. मुलींना झेड मिळतो तो बापाचाच. म्हणजे मुलगी सोनेरी होणार की चंदेरी, यात आईचा काही वाटाच नाही, सगळं बापावर.

आता तुमचं बघा. बाप बफ, म्हणजे दोन्ही झेड सोनेरी. आया लाईट. सगळ्या मुली बापावर जाणार, बफ. सगळ्या मुलांना आईकडून चंदेरी आणि बापाकडून सोनेरी, आणि चंदेरी वरचढ असल्यामुळे मुलगे पांढरे दिसणार. म्हणजे अंड्यातून बाहेर आल्या आल्या रंग बघून नर मादी कळणार! ही काही मी शोधलेली गंमत नाही, केंब्रिजचे पनेट नावाचे प्राध्यापक होते त्यांनी पहिल्या महायुद्धात हेच सुचवलं होतं, धान्याची टंचाई होती म्हणून नर पिल्लं पहिल्याच दिवशी ओळखून काढायची, उगाच दाणा कशाला घालवायचा. इंग्लंडात आर.आय.आर. (ऱ्होड आयलंड रेड) कोंबडा आणि लाईट ससेक्स कोंबडी हा क्रॉस त्यामुळेच वर्षानुवर्षं चालला. पण हे एकाच दिशेने चालतं हं. लाईट कोंबडा आणि बफ कोंबड्या केलंत तर पोरं पोरी सगळी पांढरी, काही ओळखू येणार नाही.

मित्राचा तो "लेमन" म्हणजे हेच मिक्स मुलगे. चंदेरी वरचढ आहे पण पूर्ण नाही, मोठं झाल्यावर खांद्यावर आणि पाठीवर पिवळट झाक मारते, मुरबाडच्या दादांनी पितळ म्हटलं तेच. लेमन म्हणून कोणी डबल भावाने घेतलाच तर घेणाऱ्याची कीव येईल मला, त्याच्या पुढच्या पिढीत नुसती खिचडी निघणार. तुम्हाला लाईट परत हवे असतील तर या मुलग्यांना ब्रीडिंगला अजिबात वापरू नका. पोरी मात्र सोन्याच्या बाबतीत एकदम चोख असतात, कोंबडीकडे एकच झेड असल्यामुळे ती आत एक बाहेर एक अशी असूच शकत नाही. रंगाची शेड थोडी फिकट गडद येईल, तेवढं चालतं.

आणि आता तुमचा घोळ. भोला गेला २४ मेला, बफ सोडला २८ ला, अंडी १ जूनपासून धरली. कोंबडीच्या पोटात कोंबड्याचं बीज दोन ते तीन आठवडे जिवंत राहतं. नवीन कोंबडा आला की बहुतेक अंडी त्याचीच फळतात, पण जुन्याचं लगेच संपत नाही. कोंबडा बदलला की तीन आठवडे अंडी खायची, रवणीला नाही ठेवायची, हा साधा नियम आहे. म्हणजे तुमच्या ११ अंड्यांत एखाद दुसरं भोलाचं असू शकतं, आणि भोलाची पिल्लं नर काय मादी काय, सगळी पांढरीच. म्हणून बफ निघालं तर मादी, हे पक्कं. पांढरं निघालं तर नर, हे पक्कं नाही.

घणसोलीकर_पोरगा (११ जून)

ताई खरंच धन्यवाद, दोन वेळा वाचलं तेव्हा डोक्यात गेलं. आणि एक सांगू का, अंडी ठेवताना आमची आजी बोलली होती, "कोंबरा मेला तरी पंधरा दिस त्याचीच पिल्लां येतान रं," आणि मी हसलो होतो. आता तिला तोंड कसं दाखवू.

अंडी राहू देतो, खुडूक घट्ट बसलीये, जवळ गेलं तरी फुगते आणि हाताला चोच मारते.

बदलापूर_असील (१२ जून)

रंग रंग काय करताय राव. आमच्या असील जातीमधे पीला, याकूब, नूरी, कागर अशी नावंच रंगावरून पडलीयेत, पण जुने जाणते लोक आधी हाड बघतात, छाती बघतात, डोळा बघतात, रंग शेवटी. याकूबावर पीला सोडला म्हणून कोणाचं आभाळ कोसळलं नाही.

खरा लोचा वेगळाच आहे. आपल्या भागात जे ब्रह्मा फिरतायत ते कुठून आले? चार दोन जणांनी आणले, त्यांचीच पिल्लं सगळीकडे. प्युअर लाईन प्युअर लाईन करत लोक आईवर मुलगा, बहिणीवर भाऊ सोडत बसतात, मग अंडी फळत नाहीत, पिल्लं वाकड्या बोटांची निघतात, आणि मग म्हणायचं ब्रह्माला इथली हवा मानवत नाही. घणसोलीवाल्या, तुझ्या तीन कोंबड्या आणि भोला सख्खी भावंडं नव्हती कशावरून? त्यामानाने बाहेरचा बफ आला ते बरंच झालं. मी तर म्हणेन दर तीन चार वर्षांनी असं रक्त बदलावंच.

येऊर_पायथा (१२ जून)

असीलवाले दादा, रक्त बदलायला माझी ना नाही, पण कुठल्या रंगाचं घालायचं याला अर्थ आहे. लाईटवर बफ घातला तर एकच गोष्ट हलते, ती परत जागेवर आणता येते. लाईटवर डार्क घातला की संपलं. डार्क पण चंदेरीच, त्यामुळे लोकांना वाटतं जवळचा आहे, पण डार्कच्या कोंबडीला पिसापिसावर बारीक रेघांची नक्षी असते आणि लाईटचं अंग साफ. ते मिसळलं की साफ अंगावर अर्धवट काळे डाग आणि रेघा तुटक, ना हे ना ते. मी २०१९ ला केलं होतं, चार पिढ्या निस्तरत होते. माझ्याकडे अजून एक म्हातारी कोंबडी आहे त्यातली, पाठीवर शाई सांडल्यासारखी दिसते, प्रेमापोटी ठेवलीये.

आणि "ओरिजिनल" बद्दल, घणसोलीकर तुमच्या त्या विकणाऱ्याला सांगा. नाव ब्रह्मपुत्रेवरून आलं पण जात घडली अमेरिकेत, शांघायकडून जहाजातून आलेल्या मोठ्या कोंबड्यांपासून, आणि १८५२ ला तिथल्या बर्नहॅम नावाच्या माणसाने व्हिक्टोरिया राणीला नऊ ब्रह्मा भेट पाठवले तेव्हा सगळ्या इंग्लंडला वेड लागलं. अमेरिकन स्टँडर्डमधे (जातींच्या अधिकृत नियमांच्या पुस्तकात) लाईट आणि डार्क दोन्ही १८७४ ला आले, बफ १९२४ ला. बफ उशिरा आला एवढं खरं, पण शंभर वर्षं झाली त्याला, भेसळ कसली?

सीबीडी_टेरेस (१३ जून)

मधेच घुसतोय सॉरी. माझ्याकडे सिल्की जातीची ब्लू (निळसर राखाडी) जोडी आहे, घेताना सांगितलं की प्युअर ब्लू, ब्लूच देणार. पहिल्या खेपेला ५ पिल्लं आली, ३ काळी, १ ब्लू, १ पांढरट त्यावर राखाडी शिंतोडे. मला फसवलं का?

येऊर_पायथा (१३ जून)

पक्षी खरे आहेत, सांगितलेलं खोटं. ब्लू हा कधी प्युअर नसतोच. काळ्याला ब्लू जीनचा एक डोस मिळाला की ब्लू, दोन मिळाले की ते शिंतोडेवालं, त्याला स्प्लॅश म्हणतात. ब्लूवर ब्लू सोडला की सरासरी चारात एक काळं, दोन ब्लू, एक स्प्लॅश. पाच पिल्लांत सरासरी दिसत नाही, पन्नासात दिसते. सगळी ब्लू हवी असतील तर काळा आणि स्प्लॅश लावा, शंभर टक्के ब्लू. गंमत म्हणजे तुमच्याकडे दोन्ही आत्ताच निघालेत, पण ते भाऊबहीण आहेत, काळा पक्षी दुसरीकडून घ्या.

मुरबाडचा_काळा_कोंबडा (१३ जून)

ताई तुम्ही क्लास काढा 🙏 घणसोलीकर, पिल्लं निघतील ऐन पावसात, गच्चीवर पाणी झिरपतं का बघ. ब्रह्माच्या पायाची पिसं ओली राहिली की चिखल, मग खरूज, मग वास. भुसा रोज बदल. नवीन कोंबडा आणलास तर लगेच कळपात सोडू नको, महिनाभर लांब ठेव. २०२२ ला शहापूरला वेहळोलीत बर्ड फ्लू निघाला होता तेव्हा आमच्याकडे पण लोकांची झोप उडाली होती. आणि गटारी जवळ येतेय, तो बफ आत बांध, सगळ्या आळीची नजर असणार त्याच्यावर.

घणसोलीकर_पोरगा (१ जुलै)

अपडेट. आठव्या दिवशी टॉर्चवर बघितली तेव्हा दोन वांझ निघाली, एक पिल्लू कवचात मेलं, आठ निघाली. २१ वा दिवस काल होता, काल संध्याकाळीच टोचायला लागली होती, मी कामावरून आलो ते थेट गच्चीवर. बल्ब लावून बघतो तर सगळी एकसारखी पिवळी! ताईंवरचा विश्वास उडाला होता रात्री. आज सकाळी डालग्यात घालून उजेडात आणली तेव्हा कळलं की बल्बच पिवळा होता. तीन एकदम बिस्किटाच्या रंगाची, चार साय असते तशी फिकट, आणि एक मधलं, मी बफ म्हणतो आई पांढरं म्हणते. सगळ्यांना पायात रंगीत केबल टाय सैल लावलेत, दर आठवड्याला बदलणार. बफला पिवळा, फिकटला निळा, त्या मधल्याला हिरवा.

येऊर_पायथा (१ जुलै)

वा! मधलं पंखावर कळेल, दोन तीन आठवड्यांनी पंखाची पिसं फुटली की त्यात पांढरं आहे का बदामी ते बघा, अंगावरच्या लवीवर जाऊ नका. पाचव्या सहाव्या दिवशी लासोटा (राणीखेतची लस) विसरू नका. आणि पिल्लांची विष्ठा बघत राहा, या हवेत रक्ती हगवण पटकन लागते.

घणसोलीकर_पोरगा (१२ ऑक्टोबर)

बऱ्याच दिवसांनी. मधलं पिल्लू पंखावरून पांढरंच ठरलं, आई जिंकली. पण जुलैच्या शेवटी ते तीन दिवस पाऊस थांबला नाही त्यात हगवणीने तेच गेलं. औषध दिलं होतं, एक दिवस उशीर झाला. बाकी सात आहेत, साडेतीन महिन्यांची.

तीन बफ, तिन्ही तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या). ताई म्हणाल्या तसंच, एक पण चुकली नाही.

आता पांढरी चार. ब्रह्माचा तुरा एवढा बारका असतो की त्यावरून काही कळेना, म्हणून मी चौघांनाही नर धरून चाललो होतो. गेल्या रविवारी एकेकाला मांडीवर घेऊन पाठीची पिसं बघितली. दोघांना कमरेजवळ टोकदार लांब पिसं आलीत आणि खांद्यावर पिवळं उतरलंय, हळदीचा हात पुसल्यासारखं. तिसरा पण कोंबडाच आहे, आरवायला लागलाय घसा बसल्यासारखा, पण त्याच्यावर पिवळ्याचा ठिपका नाही, कोरा पांढरा. आणि चौथं जे आहे ना, त्याची कमरेची पिसं गोल आहेत. पायपण बारीक. मी दोनदा उलटंसुलटं करून बघितलं. कोंबडी आहे ती. पांढरी कोंबडी.

म्हणजे बफची नाहीच ती. भोलाची आहे.

खाली जाऊन आजीला सांगितलं. ती भाजी निवडत होती, वर पण बघितलं नाही, म्हणाली "मंग मी काय बोललेली." आई मात्र वर येऊन बघून गेली.

आता प्रश्न त्या कोऱ्या पांढऱ्या कोंबड्याचा. तो भोलाचा का बफचा? भोलाचा असेल तर माझी लाईट लाईन त्याच्यावरच उभी राहते, नाहीतर वाट लागली. ओळखायचा काही मार्ग आहे का?

येऊर_पायथा (१२ ऑक्टोबर)

वाचून हसू पण आलं आणि डोळ्यात पाणी पण. मार्ग आहे. पिवळं काहींच्यात उशिरा उतरतं त्यामुळे नुसता कोरा दिसतोय यावर जाऊ नका. तुमच्या तीन बफ तलंगा अंड्यावर आल्या की हा एकच कोंबडा त्यांच्यात ठेवा, तिथे आधी दुसरा कुठलाच कोंबडा गेलेला नको (हे आता तुम्हाला सांगायला नको). नात्यातले आहेत, पण चाचणीपुरतं चालतं, ती पिल्लं पुढे वापरायची नाहीत. तो बफचा मुलगा असेल तर साधारण अर्धी पिल्लं बफ येतील. एक जरी बफ आलं तरी निकाल लागला, त्याला लाईनमधून काढा. भोलाचा असेल तर सगळी पांढरी. आठ पिल्लं काढा, बफचा मुलगा असून आठच्या आठ पांढरी निघण्याचा योग २५६ त एक.

आणि तो जर भोलाचा निघाला तर भोलाच्या मुलीवर सोडू नका, सावत्र नाहीतर सख्खा भाऊ होईल तो. तिच्यासाठी बाहेरचा लाईट बघू, माझ्याकडे दोन तयार होतायत, येऊन बघून जा.

बदलापूर_असील (१३ ऑक्टोबर)

शेवटी रक्त बदलायची वेळ आलीच ना 😄

घणसोलीकर_पोरगा (१३ ऑक्टोबर)

आली दादा. ताई, रविवारी येतो, सोबत आजी पण येतेय, तिला तुमचे कोंबडे बघायचेत. तलंगांना अंड्यावर यायला जानेवारी फेब्रुवारी होईल बहुतेक, निकाल लागला की इथेच टाकतो. बफ आणि कोऱ्या पांढऱ्याची आता रोज सकाळी साडेचारला आरवायची चढाओढ चालते, शेजारच्यांनी विचारलंय की यातला कुठला आधी कापणार.